अमेरिशियमची फारकत

साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत तीन-चार वर्षे काढलेले एक टन इंधन बाहेर आले आणि काही वर्षे तलावात निवले, की त्याची झडती घेता येते. ९४० ते ९५५ किलो युरेनियम जसेच्या तसे शिल्लक असते. सुमारे १० किलो प्लुटोनियम तयार झालेले असते. युरेनियमच्या केंद्रकांची शकले होऊन निघालेली मूलद्रव्ये ३५ ते ४५ किलो भरतात. त्यांत सीझियम आणि स्ट्रॉन्शियम आहे, रुथेनियम आहे, मॉलिब्डेनम आहे, लॅन्थॅनाइडांची अख्खी रांग आहे. सर्वांत शेवटी नेप्च्युनियम, अमेरिशियम आणि क्युरियम मिळून जेमतेम एखादा किलो उरतो. आपल्याकडच्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये नैसर्गिक युरेनियम वापरतात आणि ते लवकर बाहेर काढतात. तिथे शकलांचे वजन टनामागे सात किलोंच्या आसपासच असते आणि बाकीचे आकडेही त्याच मानाने खाली येतात. यादी मात्र तीच राहते.

या विवेचनाचा विषय मुख्यतः तो शेवटचा एक किलो आहे, आणि त्यातही अमेरिशियम.

एवढ्याशा वजनासाठी इतका खटाटोप का, याचे नेहमीचे उत्तर काळाच्या भाषेत दिले जाते. वापरलेल्या इंधनाची विषारकता मूळ युरेनियम खनिजाच्या पातळीवर उतरायला दोन ते तीन लाख वर्षे लागतात. प्लुटोनियम काढून घेतले तर हा काळ दहा हजार वर्षांच्या घरात येतो, आणि अमेरिशियम-क्युरियमही काढले तर काही शतकांवर. शकलांपैकी जी खरोखर तापदायक आहेत, म्हणजे सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०, त्यांचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे. तीनशे वर्षांत ती हजाराव्या हिश्शावर येतात. हा युक्तिवाद आकर्षक आहे, आणि अणुऊर्जेची बाजू मांडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक भाषणात तो ऐकू येतो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. त्याकडे शेवटी येऊ. आधी रसायन.

धोका केंद्रकात, फारकत इलेक्ट्रॉनांत

किरणोत्सर्ग हा केंद्रकाचा गुण आहे. रासायनिक वर्तन ठरते बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नाही, आणि या क्षेत्रातली बहुतेक अडचण या एका वाक्यात मावते. द्रावकाला किरणोत्सर्ग दिसत नाही. सीझियम-१३७ भयंकर आहे, सीझियम-१३५ मंद पण वीस लाख वर्षांहून जास्त टिकणारे आहे, सीझियम-१३३ पूर्ण निरुपद्रवी आहे. रसायनज्ञाने सीझियम काढायचे ठरवले की तिन्ही एकदम हाती येतात. समस्थानिक वेगळे करण्याची तंत्रे निराळी, महाग, आणि इतक्या प्रखर किरणोत्सर्गी द्रवावर न चालणारी.

याची उलट बाजू जास्त त्रासाची. इंधन काही वर्षे निवल्यावर लॅन्थॅनाइडांपैकी बहुतेक सगळी स्थिर झालेली असतात. निओडायमियम, लॅन्थॅनम, सिरियम यांच्यापासून भिण्यासारखे फारसे काही राहत नाही. अमेरिशियम-२४१ चे अर्धायुष्य ४३२ वर्षे आणि अमेरिशियम-२४३ चे सुमारे ७,३७० वर्षे. केंद्रकाच्या नजरेतून पाहिले तर हे दोन गट दोन ध्रुवांवर आहेत. इलेक्ट्रॉनांच्या नजरेतून ते सख्खे भाऊ आहेत.

सोपी फारकत

युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेणे त्या मानाने सोपे, कारण ते दोघे गर्दीत वेगळे उठून दिसतात. इंधनाच्या कांड्या तुकडे करून उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवल्या, की युरेनियम षट्संयुजी आणि प्लुटोनियम चतुःसंयुजी अवस्थेत असते. ट्रायब्युटिल फॉस्फेट हा तेलकट द्रव डोडेकेनमध्ये साधारण ३० टक्के मिसळून त्या आम्लाशी घुसळला, तर या दोघांचे नायट्रेट तेलात जातात आणि बाकीचे बहुतेक सगळे पाण्यात मागे राहते. मग प्लुटोनियमला क्षपणकारक देऊन त्रिसंयुजी केले, की ते तेल सोडून परत पाण्यात उतरते आणि युरेनियम तेलातच राहते. प्युरेक्स नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९५४ मध्ये अमेरिकेच्या सव्हाना रिव्हर प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. ट्रॉम्बेला होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला पुनर्प्रक्रिया कारखाना १९६४ मध्ये चालू झाला. तारापूर आणि कल्पाक्कमचे कारखाने त्यानंतरचे. सत्तर वर्षांत जगाने प्युरेक्सला पर्याय म्हणून कितीतरी पद्धती सुचवल्या, पण कारखान्यात अजून तीच राबते.

ट्रॉम्बेच्या त्या जुन्या दिवसांतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. प्लुटोनियम त्रिसंयुजी करायला तिथे फेरस सल्फामेट वापरत. काम चोख व्हायचे, पण त्यातले गंधक शेवटी सल्फेट बनून टाकाऊ द्रवात उतरायचे. पुढे तो द्रव काचेत बंदिस्त करायची वेळ आली, तेव्हा कळीचा मुद्दा तोच ठरला. जगभर वापरली जाणारी बोरोसिलिकेट काच सल्फेट फारसे सामावून घेत नाही. वितळलेल्या काचेवर त्याचा वेगळा थर जमतो, आणि तो पाण्यात सहज विरघळणारा असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राला त्यासाठी बेरियम घातलेली निराळी काच बनवावी लागली. फारकतीच्या वेळी घातलेले प्रत्येक रसायन पुढे कुणाच्या तरी ताटात पडते. फ्रेंच संशोधकांनी नंतर नियमच केला की नवी निष्कर्षके, म्हणजे धातू तेलात ओढून घेणारी रसायने, शक्यतो कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांची असावीत, म्हणजे काम संपल्यावर ती जाळून टाकता येतील, राख उरणार नाही. या कसोटीवर पाहिले तर स्फुरद असलेले ट्रायब्युटिल फॉस्फेटही नापास होते.

अमेरिशियम आणि त्याचे भाऊबंद

प्युरेक्समधून युरेनियम-प्लुटोनियम निघून गेल्यावर जो आम्लधर्मी द्रव उरतो, त्यात अमेरिशियम आणि क्युरियम त्रिसंयुजी अवस्थेत असतात. सगळी लॅन्थॅनाइडेही त्रिसंयुजी. त्यांच्या आयनांच्या त्रिज्या पाहिल्या तर रसायनज्ञाची अडचण ध्यानात येते. निओडायमियम ९८.३ पिकोमीटर, अमेरिशियम ९७.५, प्रोमिथियम ९७. पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग. भार तोच, आकार तोच, पाण्यात वागण्याची रीत तीच, आणि संख्याबळ मात्र लॅन्थॅनाइडांच्या बाजूने. टनामागे अमेरिशियम अर्धा किलो असेल तर लॅन्थॅनाइडे दहा किलोंच्या आसपास.

ही जोडी सुरुवातीपासूनच छळवादी होती. १९४४ मध्ये ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शिकागोत क्युरियम आणि अमेरिशियम सापडले. पण ते एकमेकांपासून आणि लॅन्थॅनाइडांपासून वेगळे काढताना गट इतका मेटाकुटीला आला, की या मूलद्रव्यांना प्रयोगशाळेत 'पँडेमोनियम' आणि 'डिलिरियम' अशी टोपणनावे पडली. एकाचा अर्थ हलकल्लोळ, दुसऱ्याचा वात. नोव्हेंबर १९४५ मध्ये सीबोर्ग लहान मुलांच्या एका रेडिओ कार्यक्रमात गेले असता एका मुलाने नवे काही मूलद्रव्य सापडले का, असे विचारले आणि त्यांनी सहज सांगून टाकले. शास्त्रीय सभेत जाहीर होण्याआधीच ही बातमी मुलांना कळली.

वाट दाखवली ती १९५४ च्या एका निबंधाने. डायमंड, स्ट्रीट आणि सीबोर्ग यांना असे दिसले, की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात आयन-विनिमय राळेवरून अमेरिशियम लॅन्थॅनाइडांपेक्षा वेगळ्या गतीने उतरते. केवळ आकारावरून हे समजावता येत नव्हते. त्यांनी सुचवलेले कारण असे: लॅन्थॅनाइडांचे ४एफ इलेक्ट्रॉन आतल्या कवचात खोल दडलेले असतात, त्यांना बाहेरच्या जगाशी देणेघेणे नसते. ॲक्टिनाइडांचे, म्हणजे युरेनियम-अमेरिशियमच्या कुळाचे, ५एफ इलेक्ट्रॉन थोडे बाहेर पसरलेले असतात, त्यामुळे समोरच्या अणूशी ते किंचितसा सहसंयुज बंध जुळवू शकतात. ५एफचा या बंधातला नेमका वाटा किती, यावर आजही वाद होतात, पण रसायनज्ञाला हाताशी धरायला एक धागा मिळाला. ऑक्सिजनमधून पकडणारा रेणू दोघांत भेद करत नाही. नायट्रोजन किंवा गंधकातून पकडणारा मात्र अमेरिशियमकडे जरा जास्त झुकतो.

हा 'जरा' किती? दोघांच्या वाटणीत शंभरपट फरक पडावा असे वाटत असेल, तर खोलीच्या तापमानाला ऊर्जेतला फरक मोलामागे साडेअकरा किलोजूल हवा. कार्बन-कार्बन बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेचा हा तिसावा हिस्सा. एवढ्या फरकावर कारखाना चालवायचा आहे, तोही जाड काँक्रीटच्या भिंतीआड, दुरून हाताळून.

या धाग्यावर दोन तऱ्हांनी काम झाले. पहिली तऱ्हा ओक रिजच्या वीव्हर आणि कॅपेलमन यांची, १९६४ ची. तिचे नाव टॉल्स्पीक. त्यांनी अमेरिशियमला तेलात ओढण्याचा हट्टच सोडला. तेलात घातले ते सगळ्या त्रिसंयुजी आयनांना ओढणारे स्फुरदयुक्त आम्ल. पाण्यात घातले डीटीपीए, ज्याचे तीन नायट्रोजन अणू अमेरिशियमला घट्ट धरून ठेवतात. मग लॅन्थॅनाइडे तेलात निघून जातात आणि अमेरिशियम पाण्यात राहते. डीटीपीएची ओळख डॉक्टरांनाही आहे. प्लुटोनियम वा अमेरिशियम शरीरात गेलेल्या माणसाला हेच औषध शिरेतून देतात, आणि ते लघवीवाटे धातू बाहेर काढते. दोन्हीकडचे रसायन एकच. टॉल्स्पीकची खोड अशी, की ती आम्लतेच्या फार अरुंद पट्ट्यातच नीट चालते. त्यासाठी लॅक्टिक आम्लासारखे स्थिरक घालावे लागते. मूळ टाकाऊ द्रव मात्र तीव्र आम्लधर्मी, म्हणजे आधी आणखी एक टप्पा आलाच.

दुसरी तऱ्हा थेट अमेरिशियमलाच तेलात ओढणाऱ्या रेणूंची. १९९० च्या दशकात चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठाच्या झू योंगजुन यांनी गंधकयुक्त सायनेक्स-३०१ शुद्ध करून वापरले, तेव्हा अमेरिशियम आणि युरोपियम (हे एक लॅन्थॅनाइड) यांच्या फारकतीचे गुणोत्तर पाच हजारांच्या पुढे गेले. आकडा डोळे दिपवणारा, पण तो सौम्य आम्लातच मिळतो आणि रेणू फार टिकत नाही. १९९९ मध्ये कार्ल्सरूहचे कोलारिक यांनी नायट्रोजनने गच्च भरलेले ट्रायझिन कुळातले रेणू पुढे आणले. ते तीव्र नायट्रिक आम्लातही चालत, पण आम्ल आणि किरणोत्सर्ग मिळून त्यांचे तुकडे पाडत. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठात मायकेल हडसन यांच्या गटाने दुखणे नेमके कुठे आहे ते शोधले. वलयालगतच्या कार्बनवरचे हायड्रोजन अणू आधी निखळतात आणि तिथून रेणू फाटत जातो. त्यांनी ते हायड्रोजन काढून त्या जागी मिथिल गट बसवले. मग हल्ला करायला जागाच उरली नाही. या नव्या रेणूने खऱ्या वापरलेल्या इंधनाच्या द्रवातून ९९.९ टक्क्यांहून जास्त अमेरिशियम काढून दाखवले. माझ्या मते साठ वर्षांच्या या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर तुकडा हाच. निवडकपणाचे रसायन अनेकांना जमले. निवडक रेणू किरणोत्सर्गात टिकवणे थोड्यांना जमले.

कारण कागदावरच्या निवडकपणाला इथे फारशी किंमत नसते. द्रावक दिवसरात्र अल्फा आणि गॅमा किरणांच्या माऱ्यात असतो. ट्रायब्युटिल फॉस्फेटसारखा दणकट रेणूही झिजून डायब्युटिल फॉस्फेट होतो. ते झिर्कोनियमला आणि प्लुटोनियमला असे चिकटते, की धातू नको तिथे अडकून बसतो. जास्त तापमान, तीव्र आम्ल आणि झिजलेला सेंद्रिय द्रव एकत्र आले तर स्फोटही होतो. एप्रिल १९९३ मध्ये रशियातील तोम्स्कजवळ तो झाला.

टप्प्यांचा हिशेब

समजा एका द्रावकात अमेरिशियम पाण्याच्या दुप्पट प्रमाणात जाते आणि लॅन्थॅनाइडे पाण्याच्या पन्नासाव्या हिश्शाने. दोघांतले गुणोत्तर शंभर, म्हणजे चांगलेच. सारख्या मापाने तेल आणि पाणी एकदा घुसळले तर दोन-तृतीयांश अमेरिशियम तेलात येते, एक-तृतीयांश मागे राहते. हेच काम उलटप्रवाही पद्धतीने, म्हणजे एका टोकाने पाणी आणि दुसऱ्या टोकाने तेल सोडून, दहा टप्प्यांत केले तर मागे राहणारा भाग दोन हजारांत एक, ०.०५ टक्के. इथवर छान.

पण लॅन्थॅनाइडांचे काय? टप्पे वाढवले तरी त्यांचा दोन टक्के भाग तेलासोबत येतोच. दहा किलोंचे दोन टक्के म्हणजे २०० ग्रॅम, आणि सोबतचे अमेरिशियम ५०० ग्रॅम. शंभराचे गुणोत्तर हातात असून हाती लागलेला माल पाऊणही शुद्ध नाही! म्हणून त्या तेलाला पुन्हा धुण्याचे टप्पे जोडावे लागतात. त्या धुण्यात थोडे अमेरिशियम परतते, ते पुन्हा आत फिरवावे लागते. प्रत्येक टप्पा म्हणजे जाड भिंतीआडचा आणखी एक मिक्सर-सेटलर, आणखी नळ्या, आणखी दूषित द्रव.

शुद्धतेचा हा आग्रह हौसेचा नाही. अमेरिशियम पुन्हा भट्टीत टाकून न्यूट्रॉनांच्या माऱ्याने फोडायचे असेल, तर लॅन्थॅनाइडे आधी ते न्यूट्रॉन गिळतात. गॅडोलिनियम-१५७ या समस्थानिकाची मंद न्यूट्रॉन शोषण्याची क्षमता अडीच लाख बार्नच्या वर आहे, तर युरेनियम-२३५ ची काहीशे. जलद न्यूट्रॉनांच्या भट्टीत हा त्रास बराच कमी होतो, पण लॅन्थॅनाइडे इंधनात नीट मिसळत नाहीत, वेगळी गोळा होतात, ही तक्रार तिथेही राहते.

तारापूरला २०१३ मध्ये सुरू झालेल्या ॲक्टिनाइड सेपरेशन डेमॉन्स्ट्रेशन फॅसिलिटीत हे सगळे एका ओळीत मांडलेले आहे. टाकाऊ द्रवात राहून गेलेले युरेनियम ट्रायब्युटिल फॉस्फेटने काढायचे. मग डायग्लायकोलअमाइड कुळातल्या निष्कर्षकाने ॲक्टिनाइडे आणि लॅन्थॅनाइडे एकत्रच उचलायची, म्हणजे बाकीच्या शकलांची गर्दी मागे सुटते. शेवटी या दोघांची आपसांत फारकत. प्रयोगशाळेतल्या बाटलीतून बाहेर पडून खऱ्या टाकाऊ द्रवावर अशा मोठ्या प्रमाणात हे काम करणाऱ्या जागा जगात फार नाहीत, आणि त्यातली एक पालघर जिल्ह्यात आहे, हे मराठी वर्तमानपत्रांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही.

अमेरिशियम आणि क्युरियम एकमेकांपासून काढण्याचे प्रकरण याहून अवघड. तिथे दोघेही ५एफवाले, त्यामुळे तो धागाही तुटतो. गुणोत्तर दोन-अडीचच्या आसपास रेंगाळते. फ्रान्समध्ये मार्कूलच्या प्रयोगशाळेने क्युरियमला पाण्यात विरघळणाऱ्या एका रेणूच्या जोरावर मागे रोखून एकटे अमेरिशियम वर उचलण्याची पद्धत बसवली. दुसरा उपाय म्हणजे अमेरिशियमची संयुजाच बदलणे. जबरदस्त ऑक्सिडीकरण करून ते षट्संयुजी केले, की भावकी संपते. अडचण एवढीच, की ही अवस्था फार वेळ टिकत नाही. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात चिनी रसायनज्ञांनी षट्संयुजी अमेरिशियमला टंगस्टनच्या मोठ्या गुच्छात अडकवून चाळणीसारख्या पटलाने लॅन्थॅनाइडांपासून गाळून वेगळे काढले. यात सेंद्रिय द्रावक लागत नाही. ते कारखान्यापर्यंत पोहोचेल का हे पाहावे लागेल, पण विचाराची दिशा ताजी आहे.

सीझियमचे सोपे प्रकरण

सीझियमच्या बाबतीत निसर्ग बराच उदार आहे. त्याचा आयन एकेरी भाराचा आणि अवाढव्य, १६७ पिकोमीटरचा. सोडियमचा १०२. टाकाऊ द्रवात सोडियम कितीही असले तरी मापाचे वलय दिले की सीझियम नेमके त्यात बसते. बांगडीचा आकडा जुळावा तसे हे काम. अशी वलये, म्हणजे क्राउन ईथर, चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जाहीर केली, आणि १९८७ चे नोबेल त्यांना क्रॅम आणि लेन यांच्यासोबत मिळाले. कॅलिक्सअरीनच्या वाटीवर क्राउनचे वलय बसवलेला रेणू ट्रॉम्बेच्या काचीकरण कारखान्यात सीझियम काढायला वापरला जातो.

आणि तिथे ते सीझियम टाकून देत नाहीत. त्याच्या काचेच्या कांड्या ओततात आणि त्या रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांत बसवतात. रक्त देण्याआधी त्यातल्या लिम्फोसाइट निष्प्रभ करायला गॅमा किरण लागतात. पूर्वी तिथे कोबाल्ट-६० असायचे, ज्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे. सीझियमचे तीस, आणि गॅमाची ऊर्जाही कोबाल्टपेक्षा कमी, त्यामुळे शिशाचे कवच हलके होते. काचेचे महत्त्व समजण्यासाठी १९८७ चे ब्राझीलमधील गोइयानिया आठवावे. तिथे एका बंद पडलेल्या उपचारकेंद्रातले सीझियम क्लोराइडचे चूर्ण भंगारवाल्यांच्या हाती लागले. अंधारात निळसर चमकणारी ती पूड लोकांनी घरोघर वाटली, अंगाला फासली. चार जण मेले. क्लोराइड पाण्यात विरघळते, हाताला लागते. काच तसे करत नाही. त्याच टाकाऊ द्रवातले रुथेनियम-१०६ डोळ्यातल्या कर्करोगासाठीच्या चकत्यांत जाते, आणि स्ट्रॉन्शियम-९० पासून मिळणारे यट्रियम-९० कर्करोगावरच्या औषधांत.

काढून न्यायचे कुठे

वॉशिंग्टन राज्यातील हॅन्फर्डला १७७ भूमिगत टाक्यांत प्लुटोनियमनिर्मितीचा टाकाऊ द्रव साठलेला आहे. तो फार तापत होता म्हणून त्यातून सीझियम आणि स्ट्रॉन्शियम काढण्यात आले आणि १९८५ पर्यंत ते धातूच्या कुप्यांत भरले गेले. रासायनिक फारकत यशस्वी झाली. काही कुप्या निर्जंतुकीकरणासाठी भाड्याने दिल्या गेल्या. १९८८ मध्ये जॉर्जिया राज्यात त्यांतली एक गळली, आणि सगळ्या परत बोलवाव्या लागल्या. आज १,९३६ कुप्या आणि त्यांच्यासाठी एक पाण्याचा तलाव, असा तो वारसा आहे. वेगळे काढले, पण कशासाठी ते ठरले नव्हते.

अमेरिशियमच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त टोकदार होतो. फ्रान्सने १९९१ च्या कायद्याने फारकत आणि तत्त्वांतरण (न्यूट्रॉनांच्या माऱ्याने फोडून दुसऱ्या मूलद्रव्यांत बदलणे) या विषयावर पंधरा वर्षांचे संशोधन बांधून दिले. रसायनज्ञांनी आपला वाटा पार पाडला. पण अमेरिशियम जाळायला जलद न्यूट्रॉनांची भट्टी लागते. फ्रान्सची तशी भट्टी फिनिक्स २००९ मध्ये बंद झाली आणि तिची वारस ठरणारी ॲस्ट्रिड २०१९ मध्ये गुंडाळली गेली. निष्कर्षक तयार आहे, भट्टी नाही.

आता सुरुवातीच्या लाखो वर्षांच्या युक्तिवादाकडे. विषारकतेचा तो हिशेब असे गृहीत धरतो, की जणू कुणी हा माल गिळणार आहे. प्रत्यक्षात तो जमिनीत चारशे-पाचशे मीटर खोल पुरायचा आहे, आणि वर पोहोचायचे तर भूजलातून प्रवास करावा लागतो. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ॲक्टिनाइडे जवळजवळ विरघळतच नाहीत, चिकणमातीला चिकटून बसतात. म्हणूनच खोल भांडारांच्या सुरक्षा-अभ्यासांत लाखो वर्षांनंतरची मात्रा बहुधा अमेरिशियमकडून येत नाही. ती आयोडिन-१२९, क्लोरिन-३६ यांसारख्या पाण्यासोबत सहज वाहणाऱ्यांकडून येते. अमेरिशियम काढल्याचा खरा फायदा उष्णतेत आहे. पहिले शतक सीझियम-स्ट्रॉन्शियमचे, त्यानंतर भांडार तापवत राहते ते मुख्यतः अमेरिशियम-२४१. ते काढले तर काचेची पिंपे जवळजवळ ठेवता येतात आणि तेवढ्याच खडकात जास्त माल मावतो. ज्या देशाला भांडारासाठी जागा मिळवणेच अवघड आहे, त्याला हा फायदा रोकडा आहे. प्रचारात सांगितला जातो तो दुसराच.

क्युरियमबाबत माझे मत स्पष्ट आहे: ते काचेतच जाऊ द्यावे. क्युरियम-२४४ ग्रॅममागे २.८ वॉट उष्णता देते आणि आपोआप न्यूट्रॉन फेकते. त्याचे इंधन बनवायचे तर सारा कारखाना जाड कवचाआड न्यावा लागेल. अर्धायुष्य मात्र अठराच वर्षे. दोन शतके थांबले की ते प्लुटोनियम-२४० होऊन गेलेले असते. फारकतीच्या उत्साहात सगळेच वेगळे काढण्याचा मोह होतो, तो इथे आवरलेला बरा.

अमेरिशियमला मात्र आणखी एक गिऱ्हाईक मिळू लागले आहे. ब्रिटनमध्ये सेलाफील्डला वर्षानुवर्षे साठवलेल्या प्लुटोनियममधले प्लुटोनियम-२४१ चौदा वर्षांच्या अर्धायुष्याने अमेरिशियम-२४१ मध्ये बदलत राहते. म्हणजे जुना साठा जितका जुना, तितके त्यात शुद्ध, लॅन्थॅनाइडांचा संसर्ग नसलेले अमेरिशियम जास्त. ते वेगळे काढून त्याच्या उष्णतेवर अवकाशयानांच्या विजेऱ्या चालवण्याचे काम तिथे सुरू आहे. २०१९ मध्ये त्या विजेवर एक दिवा पेटवून दाखवण्यात आला.

भारतात जलद भट्ट्या धोरणाचा भाग आहेत, त्यामुळे तारापूरच्या कामाला निदान कागदावर तरी मुक्काम आहे. पण एक बाब कालमर्यादेची आहे. वापरलेले इंधन पुनर्प्रक्रियेआधी जितके जास्त पडून राहते, तितके प्लुटोनियम-२४१ अमेरिशियममध्ये बदलते आणि टाकाऊ द्रवातला त्याचा वाटा वाढतो. तो द्रव टाक्यांत फार काळ ठेवता येत नाही. १९५७ मध्ये सोव्हिएत संघातील मायाकला अशाच एका टाकीचे शीतकरण बंद पडले आणि ती फुटली. म्हणून तो काचेत जातो. आणि अमेरिशियम एकदा काचेत गेले, की ते परत काढण्यासाठी काच फोडून, दळून, विरघळवावी लागेल. ते कुणी करणार नाही. निर्णय घ्यायचा तो टाकी आणि काचेची भट्टी यांच्या दरम्यान, थोड्या वर्षांच्या फटीत, आणि त्या वेळी जलद भट्ट्या किती असतील याचा अंदाज बांधूनच.